बंद, बस्ता, बंदोबस्त

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात निघणारं कुठलंही वर्तमानपत्र उघडलं की एक शब्द चार ठिकाणी तरी भेटतो. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला कडेकोट बंदोबस्त, नंदीध्वजांच्या मार्गावर चोख बंदोबस्त, होम मैदानावर जादा बंदोबस्त. आषाढीत हेच शब्द पंढरपूरच्या बातमीत जातात, गणपतीत पुन्हा शहरात येतात. मागे 'पोलीस' लावलं नाही तरी कुणाचा गोंधळ होत नाही. पण त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कुणी नागरिक मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा म्हणून महापालिकेला विनवत असतो, आणि त्याला काही कुत्र्यांभोवती पोलीस उभे करायचे नसतात. घरी पाहुणे यायचे असले की जेवणाचा, अंथरुणा-पांघरुणाचा बंदोबस्त करावा लागतो. नाक्यावरच्या टवाळ पोरांकडे बघून एखादे काका पुटपुटतात, "यांचा एकदा बंदोबस्तच केला पाहिजे." सोय, रखवाली, निकाल आणि नायनाट, एवढं सगळं एका शब्दात कसं मावलं याचा माग काढायचा तर सोलापूरइतकी सोयीची जागा नाही. या शब्दाचे जवळजवळ सगळे अवतार या एका जिल्ह्यात पाहायला मिळतात.

आधी त्याची जन्मपत्रिका. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे. या क्रियापदाचं वर्तमानकाळी अंग 'बंद' आणि भूतकाळी अंग 'बस्त'. ही दोन अंगं मध्ये 'ओ' घालून जोडली की बंद-ओ-बस्त. फारसीला ही खोड जुनीच आहे. 'गुफ्तन' म्हणजे बोलणे, त्यापासून गुफ्त-ओ-गू. 'जुस्तन' म्हणजे शोधणे, त्यापासून जुस्त-ओ-जू. हिंदी गाण्यांतून 'गुफ्तगू' आणि 'जुस्तजू' कानावर पडलेल्यांना हे सांगायला नको. आपल्याकडे बांधाबांध, आवराआवर, झाकपाक म्हणताना आपण काही वेगळं करत नाही. एकच क्रिया दोनदा म्हटली की ती नीट, पुरती, चारी बाजूंनी केली असा भाव आपोआप येतो. त्यात हा 'बंद' आपल्या संस्कृत 'बन्ध्'चा दूरचा भाऊ, बांधणे आणि बांध यांच्याच कुळातला. त्यामुळे मराठीच्या उंबरठ्यावर हा पाहुणा आला तेव्हा त्याला कुणी परका मानलं नसावं. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश 1925 साली भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला. तो चाळताना हेच पुनःपुन्हा जाणवतं. फारसीतून आलेले जे शब्द मराठीत खोल रुतले, त्यांतल्या बऱ्याच जणांचे इथे आधीपासून नातेवाईक होते.

सोलापूर कापडाचं गाव. तेव्हा बांधण्याचा हा मूळ अर्थ इथे अजून कापडातच सापडावा यात नवल नाही.

'बंद' बघायचा तर मकर संक्रांतीच्या दिवसांत बाळीवेशीत उभं राहावं. हब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. सुमारे तीस फूट उंचीच्या त्या काठ्या उभ्याच्या उभ्या तोलत नेणाऱ्यांच्या अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी असते. हा अंगरखा नीट बघण्यासारखा आहे. त्याला बटण नाही, हूक नाही. एक पदर छातीवरून आडवा दुसऱ्या बगलेकडे जातो आणि तिथे कापडाच्याच नाड्यांनी बांधला जातो. मग त्याच्यावरून दुसरा पदर उलट्या बाजूला येतो आणि तोही बांधला जातो. आतली गाठ बाहेरून दिसत नाही. अशा बंदांच्या जोड्या मिळून बारा, म्हणून बाराबंदी. एकही बंद सैल राहिला तर पदर सुटतो आणि हात उंच धरून काठी तोलताना सगळंच लोंबायला लागतं. म्हणून नवख्या मुलाच्या बाराबंदीचे बंद घरातला कुणी जाणता माणूस बांधून देतो. आधी बांधायचं, मग पुन्हा वरून बांधायचं, ही 'बंद-ओ-बस्त'ची शब्दशः कृती आहे. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती जमणाऱ्या गर्दीत हजारो लोक हाच पोशाख करून येतात.

दुसरं अंग, म्हणजे 'बस्त', हे चाटी गल्लीत सापडतं. चाटी म्हणजे कापडविक्या. हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला, गल्लीच्या नावात तेवढा उरला. तिथल्या आणि आसपासच्या पेठांतल्या दुकानांवर 'लग्नाचा बस्ता' अशा पाट्या दिसतात. फारसीत 'बस्ता' म्हणजे बांधलेलं, अर्थात गाठोडं. हिंदीत तोच शब्द पोरांच्या शाळेच्या पिशवीवर गेला. मराठीने मात्र त्याला थेट लग्नघरात आणून बसवलं. मंगळवेढा, अक्कलकोट, धाराशिवकडून, शिवाय विजयपूर-कलबुर्गीच्या बाजूने जीप भरून माणसं बस्ता बांधायला सोलापुरात येतात. दोन्हीकडची मंडळी गादीवर समोरासमोर बसतात. यादी निघते. नवरीचा शालू, करवलीची साडी, विहिणीची, मग मानापानाच्या साड्यांचा ढीग, धोतरं, फेटे, टॉवेल-टोप्या. कुणाच्या आत्याला कितीची साडी यावर कुजबुज होते, एखादी मामी रुसते, दुकानदार चहा मागवतो. सगळं ठरलं की कापड मोजून गाठोड्यात जातं आणि हळदकुंकू लावून बस्ता उचलला जातो. लग्नातली बरीचशी भांडणं या गादीवरच मिटतात किंवा इथेच सुरू होतात. कोण कुणाला काय देणार हे एकदाचं ठरवून, बांधून टाकणं म्हणजे बस्ता. कागदपत्रांतला जुना 'बंदोबस्त' याहून फार वेगळा नाही.

हा शब्द या भागात कुठल्या वर्षी आला ते सांगणारा दाखला कुणी दाखवणार नाही, पण कुठल्या वाटेने आला ते सांगता येतं. बहमनी राज्याचा दरबार फारसी, गावचा कुलकर्णी मराठी. पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात सोलापूरचा किल्ला इकडून तिकडे गेला. चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून दिला गेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबाचं दप्तर फारसीतून देशी भाषेत आणलं आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिलं, असं फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. झालं असं की भाषा बदलली, पण कामाचे शब्द जिथल्या तिथे राहिले. जमा, खर्च, बाकी, वसूल, हजेरी, तपशील, बंदोबस्त. नवं खातं उघडताना जुन्याच शब्दांत उघडलं गेलं, आणि कारकुनाच्या लेखणीतून ते पाटलाच्या तोंडी आणि तिथून शेतकऱ्याच्या तोंडी गेले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट या वाटेवर थोडं थांबून बघावी अशी आहे. बिदरच्या बादशहाचा हा अधिकारी. सरकारी कोठारं धान्याने भरलेली, बाहेर दुष्काळाने माणसं मरतात. दामाजीपंत कोठारं उघडून धान्य वाटून टाकतात. बादशहा जाब विचारतो, तर विठ्ठल स्वतः विठू महाराच्या वेषात दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरतो आणि पावती घेतो. कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला पेच कारभाराचा आहे. कोठाराला कुलूप लावून पहारा बसवणं हा एक बंदोबस्त, आणि उपाशी माणसाच्या पोटाची सोय हा दुसरा. दोन्हींना एकच शब्द, आणि दोन्ही एकाच अंमलदाराचं काम. कथेने बाजू घेतली ती दुसऱ्या अर्थाची. तरीही हिशेब पुरा झाल्याची पावती देवालाही घ्यावी लागली, हे मला त्या कथेतलं सगळ्यात मराठी वळण वाटतं.

पेशवाईच्या पत्रव्यवहारात हा शब्द मुठीमुठीने आढळतो. किल्ल्याचा बंदोबस्त म्हणजे शिबंदी, दाणागोटा, दारूगोळा आणि तटबंदीची डागडुजी, सगळं मिळून. परगण्याचा बंदोबस्त म्हणजे वसूल नीट येईल आणि पुंडपाळेगार माजणार नाहीत हे बघणं. दोन सरदारांच्या तंट्याचा बंदोबस्त म्हणजे तोड काढणं. यात शिपाई असतो, पण तो अनेक गोष्टींपैकी एक. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली. त्यात या शब्दाखाली व्यवस्थित कारभार, शिस्त, निकाल लावणं असे अर्थ पुढे येतात. पोलिसाचा त्यात मागमूस नाही. याचा अर्थ दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणी "बंदोबस्त चोख आहे" म्हटलं तर ऐकणाऱ्याला बॅरिकेड आठवत नसे, घर-दप्तर-शेत जागच्या जागी आहे असं वाटत असे.

अशा शब्दांना घालवून देण्याचे प्रयत्नही झाले. शिवाजीमहाराजांच्या राज्यव्यवहारकोशाने शेकडो फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने तीच मोहीम पुन्हा उघडली आणि 'कायदा'ला 'निर्बंध' सुचवला. हिंदीत बंदोबस्ताच्या जागी 'प्रबंध' चालवतात. यातली गंमत अशी की निर्बंध काय नि प्रबंध काय, दोन्हींच्या पोटात तोच बन्ध् आहे. गाठ सोडून पुन्हा तीच गाठ मारायची. मराठीने ती खटपट केली नाही. 'प्रबंध' तिने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला आणि बंदोबस्त स्वतःकडे ठेवला.

अर्थ खरा वळला तो इंग्रजी अमलात, आणि तो वळण्याचं कारण मला जमिनीत दिसतं. कॉर्नवॉलिसने 1793 साली बंगालमध्ये जमीनदारांशी सारा कायमचा ठरवून टाकला. त्या व्यवस्थेला बंगालीत आणि हिंदीत आजही बंदोबस्तच म्हणतात. तिकडच्या शाळकरी मुलाला हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात पहिल्यांदा भेटतो. आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि हा मुलूख कंपनीकडे गेला. इथे जमीनदार नव्हते, सारा थेट रयतेकडून घ्यायचा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने आधी जी मोजणी आणि आकारणी केली ती इतकी जड झाली की शेजारच्या इंदापूर तालुक्यात शेतं ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 साली इंदापुरातच नव्याने सुरुवात केली. साखळीने शेत मोजायचं, हद्दीला दगड लावायचे, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवायची आणि त्यावर तीस वर्षं सारा कायम ठेवायचा. 1847 च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमांत बांधली गेली आणि सोलापूरसकट सारं दख्खन तिच्यात आलं. आजही सोलापुरात पत्ता सांगताना लोक सर्व्हे नंबर सांगतात तो या मोजणीचा वंशज.

पण या सगळ्या खटाटोपाला मराठीत नाव मिळालं जमाबंदी, नाहीतर सरळ 'सर्व्हे'. पुण्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पदनाम आजही जमाबंदी आयुक्त असंच आहे. बंगाल-बिहारात ज्या कामावर 'बंदोबस्त' या शब्दाने हक्क सांगितला, ते काम मराठीत त्याच्याच चुलतभावाने पटकावलं. बंदोबस्त मोकळा राहिला. मोकळा राहिलेला शब्द कुणाच्या तरी हाती लागतोच. तो नव्याने उभ्या राहिलेल्या पोलीस खात्याच्या हाती लागला, असं माझं मत आहे. भिल्लांचा बंदोबस्त, दरोडेखोरांचा बंदोबस्त, जत्रेचा बंदोबस्त. सोय करणं हळूहळू मागे सरलं, आवर घालणं पुढे आलं.

सोलापुरात याचं एक जिवंत चिन्ह आहे, आणि गंमत म्हणजे ते इंग्रजी शब्दाच्या रूपात आहे. शहरातल्या एका वस्तीला लोक नुसतं 'सेटलमेंट' म्हणतात. शेजारी 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. रिक्षावाल्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. जमिनीच्या बंदोबस्ताला इंग्रज सेटलमेंट म्हणत. तोच शब्द त्यांनी माणसांना लावला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 1911 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी बंदिस्त वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. स्टार्ट नावाचे अधिकारी इलाख्यातल्या या कामाचे प्रमुख होते आणि इथला कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. सभोवार तारेचं कुंपण, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, भामटे अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं आत. याच वेळी शहरात कापडगिरण्या वाढत होत्या आणि त्यांना हात हवे होते, ते इथून मिळाले. माणसं सकाळी तारेतून गिरणीत आणि संध्याकाळी गिरणीतून तारेत. ज्यांची वागणूक 'सुधारली' असं साहेबांना वाटे त्यांना तारेबाहेर राहायची मुभा मिळे. फ्री कॉलनी ती हीच.

शाळा होती, दवाखाना होता, रोजगार होता. कागदावर बघितलं तर दामाजीपंतांच्या गोष्टीतली पोटाची सोय इथे होती, आणि तरीही ते कुंपण होतं. एका माणसाची सोय आणि त्याच माणसाला जखडणं हे एकाच नियमावलीत, एकाच सहीखाली करता येतं हे या वसाहतीने दाखवलं. स्वातंत्र्यानंतर 1952 साली कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. वस्तीचं नाव तेवढं सुटलं नाही. तिथे वाढलेल्या माणसाला नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिताना 'सेटलमेंट' हा शब्द लिहावा लागतो आणि वाचणाऱ्याच्या भुवया काय करतात हे त्याला पाठ असतं.

याच शहराने बंदोबस्ताशिवायचे दिवसही बघितले. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या ओस पडल्या. 8 मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला, जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवलं. पोलीस शहरातून मागे घेतले गेले. पुढचे तीनेक दिवस सोलापुरात इंग्रज सरकार असं नव्हतंच. सोलापूरकर हे दिवस अभिमानाने सांगतात, आणि त्या सांगण्यात एक बारकावा हमखास येतो. चौकाचौकांत काँग्रेसचे स्वयंसेवक उभे राहून रहदारीला वाट दाखवत होते. मला या तपशिलाचं फार अप्रूप वाटतं. राज्य गेलं आणि लोकांनी पहिलं काम हातात घेतलं ते टांग्यांना वाट करून देण्याचं. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. सोलापूरच्या बोलण्यात तो 'मार्शल लॉ' म्हणूनच रुजला, त्याला कुणी मराठी शब्द शोधला नाही. झेंडा हातात घेतला म्हणून तुरुंग, गांधी टोपी घातली म्हणून मार. जूनअखेर तो उठला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना याच दिवसांतल्या घटनांवरून 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापुरात त्यांचे पुतळे चौकात आहेत. चार नावं चार समाजांची.

चार भाषांचंही हे गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एका बोळात ऐकू येतात. पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतात, सिद्धरामेश्वरांचे मानकरी कानडी, बाजार मराठीत चालतो आणि भांडण बहुधा दख्खनीत. या चारही भाषांत बंदोबस्त हा बंदोबस्तच आहे. तेलुगूत शेवटी उकार लागतो, कानडीत 'त' थोडा तुटका होतो, एवढाच फरक. गड्ड्यात हवालदाराने "बंदोबस्त आहे, पुढे चला" म्हटलं की कुणालाही भाषांतर लागत नाही. व्यवस्था, शांतता, सुरक्षा या शब्दांना हे भाग्य लाभलेलं नाही.

बाहेर मात्र त्याचे भाऊबंद वेगवेगळ्या वाटांनी गेले. नेपाळीत तो साधी तजवीज म्हणून राहिला. इंग्रजांनी तो घरी नेला, 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात त्याची नोंद आहे, आणि 2014 साली लीड्समध्ये त्या नावाचं गुजराती खाण्याचं हॉटेलही निघालं. बांगलादेशात 2024 च्या उठावानंतर विद्यार्थी 'नवा बंदोबस्त' मागत होते, म्हणजे सत्तेची नवी घडी. सगळ्यात वाईट गत झाली ती माहेरी. आजच्या इराणमध्ये 'बंद-ओ-बस्त' म्हणजे पडद्याआड केलेलं साटंलोटं. तेहरानच्या वर्तमानपत्रात एखाद्या मंत्र्याचा बंदोबस्त छापून आला तर त्याच्यावर आरोप आहे असं समजावं.

शेतात हा शब्द वेगळ्या घरी नांदतो. बांधबंदिस्ती. सोलापूरचा पाऊस लहरी, जमीन उताराची, वळवाच्या एका सरीत वरची माती ओढ्याला जाते. 1933 साली इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. माती जागेवर थांबवायची तर उताराला आडवे बांध घालायला हवेत, हे तिथल्या कामातून पुढे आलं. 1942 च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने असे बांध गावोगाव घालायची सोय केली. 1972 च्या दुष्काळात तर बंडिंगचं काम म्हणजेच रोजगार झाला. पाट्या डोक्यावर घेऊन बायामाणसांनी रचलेले ते बांध अजून उभे आहेत, काहींवर बोरीबाभळी माजल्यात. त्या पिढीच्या बोलण्यात बंडिंग, बंदिस्ती, बांध सगळं एकजीव झालेलं असतं. इंग्रजी 'बंड' हा शब्दही मुळात इथूनच गेलेला 'बंद', हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि सांगून त्यांचं काही अडलंही नसतं.

पोलिसांच्या वस्तीत बंदोबस्त हा ऋतू असतो. गड्ड्याचा बंदोबस्त, गणपतीचा, वारीचा, इलेक्शनचा. सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा दहावा गट आहे, तिथल्या घरांत "यांना बंदोबस्त लागलाय" हे वाक्य लग्नाच्या आमंत्रणाला उत्तर म्हणून पुरतं. वारीच्या आधी बंदोबस्ताची स्कीम निघते. कुणाला चंद्रभागेचं वाळवंट, कुणाला दर्शनबारी, कुणाला पासष्ट एकरात. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिपाई शाळांच्या वर्गांत वळकट्या टाकतात. फिक्स पॉइंट मिळाला तर पाय दुखतात, फिरती मिळाली तर चिखल. रिलीव्हर वेळेवर आला नाही तर चहाही नाही. लाखोंच्या गर्दीची सोय बघणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या जेवणाचा बंदोबस्त कोण करतं हा प्रश्न दर आषाढीला निघतो, आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर जवळच्या दिंडीची पंगत हेच असतं. त्या दिंडीची स्वतःची घडी बघावी. रथापुढे कोण, रथामागे कोण, नंबर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय क्षणात गप्प होतो. वारकरी याला शिस्त म्हणतात. बंदोबस्त हा शब्द ते पोलिसांसाठी राखून ठेवतात, आणि हा भेद त्यांनी कुठल्याही कोशापेक्षा नेमका केला आहे.

जमिनीची मोजणी आणि पोलिसांचा बंदोबस्त यांची ताटातूट इंग्रजी अमलात झाली असं वर म्हटलं. ते दोघे आता एकाच ठिकाणी भेटतात, भूमी अभिलेख कार्यालयाच्या एका अर्जात. मोहोळ-माढ्याकडे उसाच्या पाण्याने जमिनीला भाव आला आणि वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. एकाने मोजणी मागवावी, दुसऱ्याने मोजणीदाराला शेतात पाऊल टाकू देऊ नये. मग दुसरा अर्ज जातो, 'पोलीस बंदोबस्तात मोजणी मिळणेबाबत'. ठरल्या तारखेला मोजणीदार यंत्र घेऊन येतो, मागे दोन शिपाई आणि एक महिला शिपाई. तलाठी सावली शोधतो, पंच म्हणून कुणाला धरावं यावर वाद होतो. विंगेटच्या वेळचा हद्दीचा दगड सापडतो किंवा सापडत नाही. खुणा रोवल्या जातात, पंचनाम्यावर सह्या होतात, एक भाऊ सही करायला नकार देतो आणि तसा शेरा मारला जातो. दुपारी तीनच्या सुमारास जीप निघते, बंदोबस्त सुटतो. ज्याने सही नाकारली तो दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला जाऊन फेरमोजणीचा अर्ज देतो.